गुठळी ओढणारी नळीच तुंबली तर?

खटपट्या

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

गेल्या महिन्यात बाबांचा (वय ६८) डावा पाय एका रात्रीत दुधीभोपळ्यासारखा सुजला. सोनोग्राफीत निघालं की गुडघ्यापासून वर ओटीपोटापर्यंतच्या मोठ्या शिरेत गुठळी आहे. डॉक्टर म्हणाले, नुसत्या रक्त पातळ करायच्या औषधावर न ठेवता नळी घालून ओढून काढू. बाबांना पालथं झोपवलं, गुडघ्याच्या मागच्या शिरेतून नळी घातली. भूल तेवढ्या जागेपुरती, वर थोडं गुंगीचं औषध. म्हणजे बाबा जागे.

आता बाबांची ओळख. ३१ वर्षं महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात. तर पालथे पडल्या पडल्या त्यांच्या कानावर आलं, "चोक झाली, बाहेर घ्या, फ्लश मारा." ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "खालच्या चेंबरपासून घ्या ना!" आतले सगळे हसत सुटले म्हणे.

अशी ती नळी तीन वेळा तुंबली, तीन वेळा बाहेर काढून धुतली आणि परत घातली. अडीच तास गेले. पाय आता छान आहे, तक्रार काहीच नाही. पण मी चाकणला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे, नोझल चोक होणं हा माझा रोजचा जाच. म्हणून डोक्यातून जात नाही. जी नळी गुठळी ओढायलाच बनवलीय ती गुठळीनेच का तुंबावी? जास्त ताकदीचा पंप लावला तर? आणि तुंबू नये म्हणून ही मंडळी नेमकं करतात काय? जाणकारांनी सांगावं.

टवाळ

बाबांना साष्टांग. ऑपरेशनच्या टेबलावरून सूचना देणारा पेशंट पहिल्यांदाच ऐकला.

कॅथलॅबकाका

पहिल्यांदाच नाही हो, आमच्याकडे एक वायरमन आले होते, ते मॉनिटरच्या अर्थिंगबद्दल बोलत होते.

मी २२ वर्षं कॅथलॅबमध्ये (एक्स-रेवर बघत शिरा-धमन्यांत नळ्या घालतात ती खोली) टेक्निशियन आहे. डॉक्टर नसल्यामुळे आजाराबद्दल बोलणार नाही. नळीबद्दल बोलतो.

नळी शिरेत जायच्या आधी टेबलावर हेपरिन (रक्त साकळू न देणारं औषध) घातलेल्या सलाइनने आतून भरून घ्यायची, हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मागे वाय कनेक्टर लागतो, त्याच्या एका फाट्याला प्रेशर बॅग. तीनशे मिमी पाऱ्याच्या दाबावर फुगवलेली ती बॅग थेंब थेंब सलाइन सोडत राहते, म्हणजे सक्शन चालू नसताना नळीत रक्त साकळून बसत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि आजही नवीन पोरं नेमकं हेच विसरतात. बॅग रिकामी झाली, कुणी पाहिली नाही, की दहा मिनिटांनी नळीत आपलीच ताजी गुठळी तयार.

दुसरं म्हणजे नजर. सक्शनच्या पारदर्शक नळीकडे बघत राहायचं. रक्त धो धो येतंय म्हणजे तोंड गुठळीवर नाही, मोकळ्या रक्तात आहे. तेव्हा ताबडतोब बंद, नाहीतर डब्यात पेशंटचंच रक्त जमा होतं. थांबत थांबत, चिकट चिकट येतंय म्हणजे काम चाललंय. काहीच येत नाही याचे अर्थ तीन: तोंडात गुठळीचं बूच बसलंय, तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलंय, किंवा नळी कुठेतरी मुडपलीय. भिंतीला चिकटलं असेल तर सक्शन थांबवून जरा मागे घेतल्यावर सुटतं. मुडपली असेल तर एक्स-रेच्या पडद्यावर दिसते. बूच असेल तर मिनिटभर वाट बघायची. कधी कधी ते हळूहळू आत सरकतं आणि डब्यात टपकन पडतं. तो आवाज आला की सगळ्यांचे खांदे खाली येतात.

नाहीच सरकलं तर सक्शन चालू ठेवूनच नळी बाहेर घ्यायची. बंद करून नाही! बंद केलं की तोंडाला धरलेली गुठळी वाटेत सुटते. आणि नळी आत असताना पिचकारी मारून बूच उडवायचा मोह तर अजिबात नको, ते उडून कुठे जाईल सांगता येत नाही. बाहेर काढायची, मागून सिरिंजने जोरात सलाइन मारायचं, बूच गॉजवर पडतं. मग नळी पुन्हा भरून, हवा काढून आत. तुमच्या बाबांच्या वेळी तीनदा हेच झालं असणार. तीन म्हणजे काही फार नाही.

केळीबाग

रावेरहून. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही पण तुंबण्याचं कळतं. तीस एकरांवर ठिबक आहे.

ठिबक चोक होण्याच्या दोन तऱ्हा. एक, बाहेरून आलेली माती, शेवाळ. दुसरी, लॅटरलमध्ये (पिकाच्या ओळीतली बारीक नळी) पाणी उभं राहून आतल्या आत धरलेला क्षार. मातीला सँड फिल्टर आणि लॅटरलचं टोक उघडून फ्लशिंग. क्षाराला ॲसिड. माती अडकलेल्या नळीत कितीही ॲसिड सोडा, माती जात नाही. नवीन माणूस दोन्हीत गल्लत करतो आणि पैसे वाया घालवतो. तुमच्याकडे पण असंच काही आहे का?

आणि जास्त ताकदीच्या मोटरचं म्हणाल तर आमच्या विहिरीवर या. पाणी पंचवीस फुटांच्या खाली गेलं की काठावरची मोटर पाच एचपीची असो की दहाची, पाणी उचलत नाही. मोटरच खाली उतरवावी लागते.

मिनेसोटातला_मिरजकर

केळीबाग, तुम्ही अख्खा विषय दोन परिच्छेदांत संपवलात. मी इथे मिनियापोलिसला कॅथेटरच्या, म्हणजे याच नळ्यांच्या कामात आहे (कंपनीचं नाव सांगत नाही), तरी थोडी भर घालतो.

विहिरीचंच गणित. पंप ओढत नसतो, तो फक्त पोकळी करतो. ढकलते ती बाहेरची हवा. हवेचा दाब समुद्रसपाटीला दर चौरस मिलिमीटरला साधारण ०.१ न्यूटन. पूर्ण निर्वात केलं तरी त्याच्या पलीकडे एक कणही मिळत नाही. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे तिथे मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमीच.

आता नळीचं तोंड आतून २ मिमी असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिमी, ओढ जवळपास ३२ ग्रॅम वजनाइतकी. एका कंदी पेढ्याएवढी! तोंड ६ मिमी केलं तर ओढ नऊपट, २८८ ग्रॅम. वाहण्याचा हिशोब तर आणखी टोकाचा. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तीनपट रुंदीला कागदावर ८१ पट. म्हणूनच गेल्या काही वर्षांत पाय आणि फुफ्फुसांसाठी नळ्या जाड होत गेल्या. २४ फ्रेंचची नळी बाहेरून ८ मिमी असते. (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी.) खटपट्या, मोठा पंप हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तोंड मोठं करणं हे अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं म्हणजे गुठळीचा स्वभाव. कोरड्या भाकरीचा मोठा घास पाण्याशिवाय गिळून बघा. सक्शन लावलं की गुठळीतलं पाणी आधी निघून जातं, मागे राहतो तो घट्ट, रबरी गोळा. तो जितका आत येईल तितकी त्याची नळीच्या भिंतीशी घासण्याची लांबी वाढते, ओढ मात्र तेवढीच राहते. एका टप्प्याला घर्षण जिंकतं आणि बूच बसतं. म्हणून नळीच्या आतून टेफ्लॉनसारखं गुळगुळीत अस्तर देतात, आणि भिंतीत तारेची वीण किंवा स्प्रिंग घालतात, नाहीतर पोकळीमुळे नळीच पोह्यासारखी चपटी होईल.

खटपट्या

मिरजकर, ३२ ग्रॅम वाचून थक्क झालो. मग अडकलेलं आत सरकावं म्हणून यांत्रिक काही नाही का? आमच्या मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये प्लास्टिक पुढे ढकलायला स्क्रू असतो तसं.

मिनेसोटातला_मिरजकर

आहे की, हुबेहूब तोच! रोटारेक्स म्हणून स्विस बनावटीची नळी आहे, तिच्या आत लांबच्या लांब मळसूत्र मिनिटाला चाळीस ते साठ हजार फेऱ्यांनी फिरतं. गिरणीत पीठ पुढे सरकवणारा स्क्रू आठवा. गुठळी कापली जाते आणि मागे वाहून नेली जाते. ती धमन्यांसाठी जास्त.

बाकीच्या युक्त्या बघायच्या तर इतिहास जरा गमतीचा आहे. १९६१ साली टॉमस फोगार्टी यांची फुग्याची नळी पहिल्यांदा माणसात वापरली गेली. त्यांनी ती विद्यार्थिदशेत बनवली होती. लघवीच्या नळीच्या टोकाला रबरी हातमोज्याचं बोट, मासेमारीच्या गळाला बांधतात तशा गाठींनी बांधलेलं! फुगा न फुगवता गुठळीच्या पलीकडे न्यायचा, तिकडे फुगवायचा आणि गुठळी पुढ्यात घेऊन मागे ओढायचं. यात तुंबण्याचा प्रश्नच नाही, कारण गुठळी नळीतून जातच नाही. प्रश्न सुरू झाला तो नळीतूनच ओढायचं ठरवल्यावर.

कॅलिफोर्नियात २००४ साली अरानी बोस आणि ॲडम एल्सेसर यांनी पेनम्ब्रा ही कंपनी काढली. त्यांच्या मेंदूसाठीच्या पहिल्या संचात नळीच्या आतून एक तार जायची, टोकाला छोटा फुगीर भाग. सक्शन चालू असताना डॉक्टरने ती मागे-पुढे करत राहायची, की तोंडाशी आलेली गुठळी फुटत राहते. थोडक्यात पाइपात सळई घालून ढोसणं. मेंदूच्या नळ्या पुढे रुंद झाल्या आणि तिथे ती तार मागे पडली. पाय-फुफ्फुसांच्या काही संचांत ती अजून आहे.

जेटी नावाच्या यंत्रात सलाइनचा बारीक जोरदार फवारा नळीच्या तोंडाच्या आत मारतात. आत हे महत्त्वाचं! शिरेला फवारा लागत नाही, आत आलेला घास मात्र तिथेच चिरला जातो, आणि वर त्याला वाहायला पाणीही मिळतं. तुंबणं टाळायचा हा मला सगळ्यात सरळ विचार वाटतो, बाकीच्यांनी वाद घालावा.

सक्शन एकसारखं न ठेवता धक्क्याधक्क्याने देणं ही आणखी एक वाट. चिखलात रुतलेली गाडी मागे-पुढे हिसके देऊन काढतो तसं. २०२० नंतर आलेल्या काही यंत्रांत दाब मोजून झडप आपोआप उघड-मिट होते. मोकळं रक्त येतंय असं कळलं की मिटते, गुठळी लागली की पूर्ण उघडते. कॅथलॅबकाका डोळ्यांनी करतात तेच.

कॅथलॅबकाका

डोळ्यांनी आणि बोटांनी. तुमची झडप चांगलीच आहे, वाद नाही, रक्त वाचतं. पण आमच्याकडे अजूनही पुष्कळदा ६० मिलीच्या लॉक होणाऱ्या मोठ्या सिरिंजने काम चालतं. दट्ट्या ओढून लॉक करायचा आणि चावी एकदम उघडायची. त्या पहिल्या झटक्यात जे येतं ते पंप सावकाश ओढून येत नाही. दट्ट्या किती जड लागतो यावरून आत काय आहे ते कळतं. आणि तिचा सर्किट बोर्ड बिघडत नाही.

मिनेसोटातला_मिरजकर

मान्य. झटक्याचं खरं आहे, पोकळी आधी तयार असेल तर पहिला जोर सगळा तोंडाशी पोचतो. आम्हीही शेवटी चावी लवकर उघडावी म्हणूनच डोकं खाजवतो.

आजीचा_बटवा

एवढ्या नळ्या घालण्यापेक्षा रोज सकाळी लसणाच्या चार पाकळ्या आणि जवस खाल्लं असतं तर गुठळी आपोआप विरघळली असती. आमच्या शेजाऱ्यांची विरघळली.

शिरा_धमनी

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफीवर बघत नळ्या घालून उपचार करणारी डॉक्टर. एरवी वाचनमात्र असते, पण वरच्या प्रतिसादासाठी लॉगिन केलं.

ओटीपोटापर्यंत पोचलेली गुठळी लसणाने विरघळत नाही. भाजीतल्या लसणाला माझी हरकत नाही. पण खटपट्यांच्या बाबांसारखे लोक रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात, त्यावर मनाने लसणाच्या कॅप्सूल सुरू केल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता मूळ विषय. केळीबाग यांचा माती आणि क्षाराचा भेद इथे तंतोतंत लागू पडतो आणि तो माझ्या शिकाऊ डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. नळी तुंबते दोन प्रकारे. पेशंटची जुनी गुठळी तोंडात अडकते, ही तुमची माती. किंवा नळीत थांबलेलं रक्त साकळतं, हा क्षार. हेपरिन फक्त दुसऱ्यावर. ते नवीन साकळू देत नाही, झालेली गुठळी विरघळवत नाही. म्हणून काम चालू असताना रक्ताची साकळण्याची वेळ तपासत राहतो, बहुतेक ठिकाणी ती २५० सेकंदांच्या वर ठेवतात. ती खाली आली तर नळीच काय, सगळंच तुंबतं. विरघळवणारं औषध वेगळं, अल्टेप्लेज वगैरे. ते गुठळीत फवारून थोडा वेळ मुरू दिलं तर ती मऊ पडते आणि ओढायला सोपी जाते, पण त्यात डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव होण्याची जोखीम. प्रत्येकाला देता येत नाही.

गुठळी-गुठळीत फरक असतो. ताजी लाल गुठळी म्हणजे फणसाच्या रसाळ गऱ्यासारखी, नळीत सुळकन जाते. दोन-तीन आठवडे जुनी झाली की तिच्यात चिवट धागे भरतात, भिंतीला मुळं धरल्यासारखी चिकटते. तिथे कितीही चांगली नळी तुंबतेच. पाय सुजल्यावर आठवडाभर तेल चोळत बसलेले पेशंट येतात तेव्हा जीव हळहळतो, कारण पहिल्या दिवशी हीच गुठळी अर्ध्या वेळात निघाली असती. (सुजलेला पाय चोळायचा तर मुळीच नसतो.)

खरी पंचाईत मेंदूत. तिथली मुख्य धमनीच जेमतेम अडीच-तीन मिमी. तोंड मोठं करा म्हणायला जागा कुठाय? आणि लकव्याच्या झटक्यात दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेलाय. नळी बाहेर काढून, धुवून, परत वर न्यायची म्हणजे किती मिनिटं गेली ते तुम्हीच बघा. म्हणून तिथे सगळा आटापिटा पहिल्याच ओढीत पूर्ण निघावी यासाठी असतो. गुठळी आत न आली तरी चालेल, तोंडाला बुचासारखी घट्ट बसू दे, आणि बुचासकट नळी बाहेर काढू. म्हणजे पायात जे तुंबणं म्हणून शिव्या खातं, तेच मेंदूत आम्ही मुद्दाम घडवून आणतो!

टवाळ

हे भारी आहे. बग नाही, फीचर आहे.

वैदेही२०

माझ्या आईचा डायलिसिसचा कॅथेटर (मानेतला) सारखा चोक होतो. त्यालाही ही यंत्रं लावतात का?

शिरा_धमनी

नाही, तो प्रकार वेगळा. तिथे नळी आठवड्यातून दोन-तीनदाच वापरली जाते, मधले दिवस रक्त आत थांबतं. म्हणून डायलिसिस संपल्यावर दोन्ही फाट्यांत हेपरिन किंवा सायट्रेट भरून बंद करतात. तरी तुंबत असेल तर युनिटमध्ये अल्टेप्लेज भरून थोडा वेळ ठेवतात, नाहीतर नळी बदलतात. घरी त्याला हात लावू नका, टोपणसुद्धा उघडू नका. फिस्टुलाबद्दल (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात तो) विचारलंत का डॉक्टरांना? जमत असेल तर तो बरा.

वैदेही२०

विचारते. मनापासून आभार.

केळीबाग

ताई, एक विचारू का? फवाऱ्याने गुठळी फोडली तर रक्तपण फुटत असेल की. दुधाचं ताक होतंच.

शिरा_धमनी

होतं! अँजिओजेट नावाचं जुनं, नावाजलेलं यंत्र आहे. त्यात सलाइनचे फवारे मागच्या दिशेने मारतात, त्यामुळे तोंडाशी दाब कमी होतो आणि गुठळी आपसूक खेचली जाते. काम झकास होतं. पण लाल पेशीही फुटतात, लघवी लाल होते, मूत्रपिंडावर ताण येतो. क्वचित हृदयाचे ठोके मंदावतात. फुफ्फुसातल्या गुठळीसाठी ते वापरण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा चौकटीतला इशाराच आहे.

मिनेसोटातला_मिरजकर

न फोडता लहान करायचाही एक मार्ग दिसतोय. जून २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या रुइके झाओ यांच्या गटाचा निबंध नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. नळीच्या टोकाला पंख आणि फटी असलेली पोकळ भिंगरी. ती गरगर फिरते, गुठळी तिच्यावर दाबली जाते आणि घुसळली जाते. धाग्यांच्या जाळ्यात अडकलेल्या लाल पेशी सुट्या होऊन निघून जातात, आणि धागे पिळवटून इवलासा गोळा उरतो, मूळ आकाराच्या पाच टक्क्यांपर्यंत. तळहातांत कापूस घेऊन वात वळतो ना, अगदी तसं. त्या निबंधातले प्रयोग प्रयोगशाळेतले आणि डुकरांवरचे आहेत, तेव्हा लगेच हुरळून जायला नको. पण नळी मोठी न करता घास लहान करायचा हा विचार मला पहिल्यांदाच इतका स्वच्छ दिसला.

खटपट्या

एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. खर्चाचंही सांगून टाकतो, कारण दोघांनी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं. ही नळी एकदाच वापरायची असते आणि बिल लाखांत जातं. विम्याने बरंचसं दिलं. भरती व्हायच्या आधी विमावाल्यांना नळीचं नाव कळवून मंजुरी घ्या, आम्ही घाईत ते विसरलो आणि नंतर चार खेपा मारल्या.

काल बाबांना फेरतपासणीला नेलं होतं. आदल्या रात्री त्यांना हा धागा वाचून दाखवला होता. मागे फवारा मारणारं नोझल ऐकून म्हणाले, "मग ते आमच्या जेटिंगच्या गाडीवरच होतं की. फवारा मागे, पाइप पुढे." आणि तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आपणहून विचारलं, "काका, त्या दिवशी खालचं चेंबर म्हणत होतात, ते काय?" बाबांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं. लाइन चोक झाली की उताराच्या बाजूचं चेंबर आधी मोकळं करायचं, तिथून वर वर जायचं. म्हणजे सुटलेला गाळ पुढे वाहून जातो, परत अडकत नाही.

डॉक्टरांनी त्याच चित्रावर बाण काढला. म्हणाले, "काका, शिरेत उतार वरच्या बाजूला आहे. रक्त पायाकडून हृदयाकडे जातं, आणि पुढचं चेंबर म्हणजे फुफ्फुस. तुमचा गाळ पुढे गेलेला चालतो, आमचा गेला तर माणूस जाऊ शकतो. म्हणून आम्ही खालून घुसतो आणि सुटलेलं सगळं आपल्याकडेच ओढून घ्यायला बघतो. नळी बाहेर काढून धुतो ती त्याचसाठी."

बाबा थोडा वेळ चित्राकडे बघत बसले. मग म्हणाले, "मग पुढच्या चेंबरच्या तोंडाला जाळी लावायची."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून छत्रीच्या काड्यांसारखी तारेची एक जाळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. गरज वाटली तर पोटातल्या मोठ्या शिरेत हीच बसवतात आणि काम झालं की काढून घेतात. बाबांना लागली नव्हती. पाच मिनिटं ती उलटसुलट करून पाहत होते, परत द्यायचं नाव नाही.